साठ घरांचा हौद

तेलगावहून धरणाकडं जाणाऱ्या रस्त्याला, चारा छावणीच्या अलीकडं, निळ्या पत्र्यांची एक लांबट शेड होती. "आमच्या गावात समुद्र हाय, पत्र्याखाली झाकून ठिवलाय," असं हरिबा पाहुण्यारावळ्यांना सांगायचा, आणि ते हसले की आणखीच गंभीर व्हायचा. कारण गोष्ट खोटी नव्हती. कोकणातल्या मिठागरांतून टँकरनं आणलेलं दाट खारं पाणी गोड्या पाण्यात मापानं मिसळून त्या शेडमधल्या आठ टाक्यांत भरलेलं होतं.

त्या समुद्रात दुष्काळाच्या साली दोन लाख पिल्लं एका दुपारी मेली. ती कुणाच्या हातानं मेली, हे सगळ्या गावात एकट्या हरिबाला ठाऊक होतं.

पिल्लं झिंग्याची. मोठ्या, निळ्या नांगीच्या झिंग्याची. या झिंग्याची तऱ्हा अशी, की जन्म काढायचा गोड्या पाण्यात, नदीत, तळ्यात. पण लेकरं जगायची तर पहिला महिनाभर खाऱ्या पाण्यातच. पहिलटकरणीनं माहेरी जावं तशी ही माय अंडी पोटाशी धरून समुद्राच्या तोंडाशी जाते. आता बीड जिल्ह्यातल्या झिंग्यानं कुठल्या समुद्राला जावं? म्हणून साठ भोई घरांच्या मच्छीमार सोसायटीनं माहेरच इकडं आणलं होतं. धरण आटून तळाला चिखल दिसत होता, जाळी घरोघर खुंटीला टांगली होती. पाऊस पडेपर्यंत पिल्लं वाढवायची आणि पाणी आलं की शेततळ्यांत, धरणात सोडायची, एवढ्या एका आशेवर साठ घरं त्या शेडकडं बघत होती.

शेडमध्ये कामाला दोघं. पाण्याचं बघायचा हरिबा, वय साठीला टेकलेलं. आणि पिल्लांना चारायची पारूबाई. पारूबाई बौद्धवाड्यातली, दहावी झालेली. भोयांच्या सोसायटीत तिचं घर नव्हतं, पण किनाऱ्यावर जाऊन एकवीस दिवस शिकून यायला भोयांची एकही सून तयार झाली नाही, तेव्हा बचत गटातून तिचं नाव पुढं आलं. हरिबा आणि ती बरोबरच शिकायला गेले होते. पहिल्यांदा समुद्र बघून हरिबानं चप्पल काढून हात जोडले. पारूबाईनं ओंजळभर पाणी उचलून जिभेला लावलं आणि म्हणाली, "दादा, हे आपल्याला लई खारट हाय. आपल्याला ह्याच्या तिसऱ्या हिश्श्याचं लागंल." तिचं असं होतं.

शिकवणाऱ्यांनी एक गोष्ट दहादा सांगितली होती. पिल्लू भूक सोसतं, थोडं ऊन सोसतं. पण पाणी सोसत नाही. खारटपणा हलला, मेलं. पाणी गार पडलं, मेलं. आणि टँकरच्या पाण्यातल्या बिलिचिंगचा अंश राहिला, तर विचारूच नका. म्हणून टँकरचं पाणी आधी शेडबाहेरच्या मोठ्या हौदात ओतायचं, दोन दिवस त्यात पंपाच्या नळीला लावलेले हवेचे दगड सोडून बुडबुडे काढायचे, म्हणजे बिलिचिंग उडून जातं, मग पाणी काचेच्या नळीत घेऊन बिलिचिंग दाखवणाऱ्या ओटी नावाच्या औषधाचे थेंब टाकायचे. पिवळं झालं तर थांबायचं. काचेसारखं राहिलं तरच आत घ्यायचं. रोज सकाळी टाक्यांतलं थोडं जुनं पाणी काढून तेवढंच नवं भरायचं. हौदाची चावी हरिबाच्या करदोट्याला असायची.

आणि हरिबाला दुसरं एक वेड होतं, ते कीर्तनाचं. पाच कोसांवर कीर्तन असलं तरी हा टाळ पिशवीत घालून निघायचा. बुवांचं पूर्वरंगातलं निरूपण त्याला सगळंच कळायचं असं नाही, पण उत्तररंगात आख्यान लागलं की त्याचे डोळे भरून यायचे. ऐकलेली गोष्ट तो कानाआड करायचा नाही. कुणी बुवांनी मुंगीवर पाय देऊ नये असं सांगितलं तर हा आठवडाभर खाली मान घालून चालायचा. बायको केसरबाई म्हणायची, "बुवा सांगून बिदागी घिऊन जात्यात. निस्तरायचं आमच्या घरानं."

वैशाखात गावचा सप्ताह बसला. सहाव्या दिवशीचं कीर्तन राधाकिशन महाराजांचं होतं. त्यांनी एका म्हातारीचं आख्यान लावलं. म्हातारी देवाच्या अभिषेकासाठी सात कोसांवरून घागर घेऊन निघाली. वाटेत एक वासरू तहानेनं पडलेलं. म्हातारीनं देवाकडं बघितलं नाही, वासराकडं बघितलं, आणि घागर त्याच्या तोंडाशी रिकामी केली. रिकाम्या घागरीनं देवळात गेली, तर देव आधीच न्हालेला. "आणि म्हातारीनं हे कुणाला सांगितलं का?" महाराजांनी विचारलं. "न्हाई सांगितलं. सांगितलं की पुण्य जिभेवरनं सांडतं, माउली. दान करावं ते गुप्त."

हरिबाचा टाळ हातातच राहिला. त्याला घरी जाताना वाट दिसेना, एवढं रडू आलेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी छावणीतून जनावरांचा आवाज यायला लागला. हंबरणं नव्हे, हंबरायला घशात ओल लागते. नुसती खरखर. छावणीचा टँकर परवापासून बिघडून पाटोद्याच्या गॅरेजला पडला होता. छावणी बघणारा बिभीषण रस्त्यावर उभा राहून फोन लावत होता, दर फोनला त्याचा आवाज बारीक होत होता. हरिबा तारेच्या कुंपणाशी गेला. दावणीला साडेतीनशे जनावरं. एका लाल गाईनं मान टाकलेली, जीभ मातीला लागलेली.

हौदाचं धुवण काढायची नळी कुंपणाच्या पलीकडं, छावणीतल्या जनावरांच्या पाण्याच्या दगडी हाळाजवळच उघडत होती. पारूबाई जेवायला घरी गेलेली. बिभीषण फोन लावत लावत पार चौकापर्यंत गेला होता. हरिबानं करदोट्याची चावी काढली.

दहा हजार लिटर पाणी हाळात उतरायला पाऊण तास लागला. जनावरं एकमेकांच्या अंगावर चढून पाण्याला आली. लाल गाय गुडघ्यावर उठली, मग उभी राहिली. हरिबा भिंतीच्या आडून बघत होता आणि त्याच्या कानात मृदंग वाजत होता. त्यानं कुणाला सांगितलं नाही. म्हातारीनं तरी कुठं सांगितलं होतं?

बिभीषण परत आला तर हाळ भरलेला. त्यानं इकडं तिकडं बघितलं आणि स्वतःच उत्तर काढलं. छावणी मच्छीमार सोसायटीचे चेअरमन आबासाहेब, त्यांच्याच संस्थेची, आणि सकाळी त्यांना फोन झालेला. म्हणजे त्यांनीच कुठून तरी सोय लावली. संध्याकाळपर्यंत गावभर हेच झालं. हरिबानं ऐकलं आणि त्याला उलट बरंच वाटलं. गुप्तावर आणखी एक पांघरूण पडलं.

चार वाजता शेडचा टँकर आला, त्यानं हौद काठोकाठ भरून टाकला. त्या आठवड्यात दोन गावांत काविळीची साथ होती, म्हणून भरायच्या ठिकाणीच बिलिचिंग दुप्पट टाकत होते. झाकण काढताच वासानं नाक चुरचुरलं. हरिबानं एकाऐवजी तीन हवेचे दगड सोडले. दोन दिवसांचं काम एका रात्रीत होईल, असं त्यानं बुडबुड्यांना सांगितलं.

सकाळी त्यानं नळीत पाणी घेतलं. ओटीचे थेंब टाकले. नळी उजेडात धरली.

पाणी पिवळं झालं.

फार नव्हे. नवऱ्या मुलीच्या कपाळाची हळद धुतल्यावर तांब्यात जेवढी उरते, तेवढं. हरिबा नळीकडं बघत राहिला. पाणी घेतलं नाही, तर आत्ता पारूबाई येईल आणि विचारील, दादा, आज पाणी का बदललं नाही? कालचं निवळलेलं कुठं गेलं? मग सांगावं लागेल. सांगितलं की सांडलं. शिवाय दहा वाजता काल्याचं कीर्तन होतं आणि पहिल्या ओळीतला टाळ हरिबाचा होता. त्यानं नळी थोडी कलती केली. कलती केली की रंग आणखी फिका दिसत होता.

"थोडंच हाय," तो स्वतःशी म्हणाला. खारं पाणी मिसळून त्यानं माप बघितलं आणि आठही टाक्यांच्या तोट्या सोडल्या. नळी विसळून जागेवर ठेवली. पारूबाई आली तेव्हा ती कोरडी झाली होती.

काल्याच्या कीर्तनात मुक्या जनावरांना पाणी पाजणाऱ्या आबासाहेबांना महाराजांच्या हस्ते शाल आणि नारळ दिला. आबासाहेब थोडे गोंधळले. पण शाल अंगावर पडल्यावर माणूस फार वेळ गोंधळत नाही. त्यांनी हात जोडले. हरिबा टाळ वाजवत खाली मान घालून गोड हसला. दहीहंडी फुटली, लाह्या उधळल्या. हरिबानं पदरात घ्यावा तसा काला उपरण्यात घेतला, पारूबाईलाही द्यावा म्हणून.

शेडमध्ये आला तर ती तिसऱ्या टाकीवर वाकलेली होती. "दादा," ती एवढंच म्हणाली.

ही पिल्लं जिवंत असताना उलटी पोहतात. शेपूट वर, डोकं खाली, उजेडाकडं तोंड करून. भजनाला उभ्या राहिलेल्या माणसांसारखी सगळी एका लयीत हलतात. आता ती हलत नव्हती. काचेसारखं अंग दुधासारखं पांढरं झालं होतं आणि तळाला पिठाचा थर बसावा तशी ती बसली होती. काही अजून एका जागी गोल फिरत होती. पारूबाईनं बोट पाण्यात घालून एकाला वर ढकललं. ते वर गेलं आणि परत खाली आलं.

संध्याकाळपर्यंत आठही टाक्या गप्प झाल्या. काला उपरण्यातच आंबला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मत्स्य खात्याचे सर आले. त्यांनी पाणी तपासलं. तोवर रात्रभराच्या हवेनं बिलिचिंग उडून गेलेलं. थेंब टाकले तर पाणी काचेसारखं. मात्र मेलेल्या पिल्लांनी आणि तळाच्या चाऱ्यानं पाणी नासलं होतं, वास मारत होता. सर म्हणाले, "चारा जास्त झालेला दिसतोय. खाल्ला नाही, कुजला, त्यानं पाणी बिघडलं."

हरिबा तिथंच उभा होता. त्याचं तोंड उघडलं होतं. पण पारूबाई आधी बोलली. "व्हय सर. काल सकाळी मी एक चमचा जास्त टाकलाता. भुकेली वाटली मला. टाकायला नको होता." आणि तिनं पदर तोंडाला लावला.

आता खरं काय ते सांगायला एवढी चांगली वेळ पुन्हा येणार नव्हती. हरिबा म्हणाला, "मी सरांसाठी चहा सांगून येतो."

त्या दिवसापासून गावात चर्चा सुरू झाली. तिच्या हाताला गुण नाही, असं एकजण म्हणाला. "आपलंच चुकलं. कुणाच्या हाती काय द्यावं..." असं दुसरा म्हणाला आणि वाक्य अर्ध्यावर सोडलं. गावात अर्ध्या वाक्याला पुरा अर्थ असतो. हरिबा पारावर बसून हे ऐकत होता आणि त्याला वाटत होतं की ते अर्धं वाक्य आपल्याच तोंडातून निघालं.

पारूबाई मात्र रोज शेडवर यायची. टाक्या घासायची. घासता घासता बोलायची, जणू हरिबाला नव्हे, टाकीला सांगत होती. "अंडं आन् दुधाची पावडर वाफवून मी चाळणीतनं काढते. चमचा सपाट भरते. त्या दिवशी एकच वाढीव. आठ टाक्यांना मिळून एक. एवढ्यानं मरत्यात व्हय दादा?"

"काय की," हरिबा म्हणाला.

"मेली म्हंजे मरतच असत्याल." ती थांबली. मग म्हणाली, "माझं नशीब बघा. एकीकडनं गाय वाचली आन् दुसरीकडनं हे."

"कंची गाय?"

"आमची लाल. छावणीत हाय न्हवं. मान टाकलीती तिनं. त्या दुपारी हाळात पाणी आलं म्हणून उठली. आबासाहेबांनी सोडलं म्हणत्यात. कुणी का सोडंना, ज्यानं सोडलं त्याच्या लेकराबाळांचं भलं होवो."

हरिबा उठून बाहेर गेला आणि हौदाच्या भिंतीला टेकून उभा राहिला. आशीर्वाद अंगावर उकळत्या पाण्यासारखा पडतो, हे त्यानं कुठल्याच कीर्तनात ऐकलं नव्हतं.

सोसायटीची सभा रविवारी ठरली. विषय एकच, पारूबाईला काढायचं. शनिवारी सकाळी हरिबा आबासाहेबांच्या ओसरीवर गेला आणि सगळं सांगितलं. म्हातारीच्या घागरीपासून पिवळ्या नळीपर्यंत. आबासाहेब अडकित्त्यानं सुपारी कातरत ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी आधी दार लोटलं.

"हरिबा, भोळा माणूस तू. तू पाणी कावून सोडलं? जनावरांसाठी. मग चांगलंच केलं की."

"पर पारूबाई..."

"तिला पोषण आहाराच्या खिचडीवर लावतो मी. उपाशी न्हाई मरायची."

"तिचा गुन्हा न्हाई ना साहेब."

आबासाहेबांनी खुंटीवरच्या शालीकडं बघितलं. "गावानं, महाराजांनी, भर काल्यात ही घातली मला. आता मी ती काढून तुला घालू का? का दोघांनी मिळून पांघरायची? छावणीची तपासणी आलीये तोंडावर. टँकर दोन दिवस नव्हता, हे कागदावर कुठं न्हाई. तू बोललास की तेबी निघंल." मग आवाज मऊ करून म्हणाले, "गुप्तदान म्हणतोस ना? मग गुप्तच राहू दे की बे. तुझंच पुण्य राहतंय."

हरिबा परत निघाला. वाटेत त्याला पहिल्यांदा ते दिसलं, जे इतके दिवस समोर असून दिसलं नव्हतं. म्हातारीची घागर म्हातारीची होती. सात कोस तिच्या डोक्यावर ती होती, तिची मान दुखली होती. हौद कुणाचा होता? त्यानं पुण्य केलं ते दुसऱ्याच्या घागरीनं, आणि ते झाकायला जे केलं, त्याला तर नावच नव्हतं. म्हातारी रिकाम्या घागरीनं देवळात गेली होती. हा घागर पुन्हा भरून गेला. विषानं भरून.

रविवारी सकाळी शेडसमोरच्या लिंबाखाली सभा भरली. साठातले पन्नासेक आले. आबासाहेबांनी दुष्काळापासून सुरुवात करून सहकारापर्यंत आणलं, आणि मग पारूबाईकडं. ती कडेला उभी होती. बस म्हणावं, असं कुणाला सुचलं नव्हतं. तिनं हात जोडून सांगितलं, "सगळ्यांना जयभीम, रामराम. चमचा जास्त पडला, ते मी सरांपुढं कबूल केलंय. तुमी ठरवाल ते मान्य." एवढं बोलून ती चपलेच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली.

हरिबा उठला. त्यानं बरोबर आणलेली काचेची नळी वर धरली. सकाळीच आलेल्या टँकरचं पाणी तिच्यात होतं. त्यानं सगळ्यांदेखत थेंब टाकले. पाणी हळदीसारखं पिवळं झालं.

"हे पिवळं पाणी मी पिल्लांच्या टाकीत सोडलं," तो म्हणाला. "चमच्याचा संबंध न्हाई."

"अरं, भुलीनं सोडलं असंल," कुणी तरी म्हणालं.

"भुलीनं न्हाई. बघून सोडलं. नळी कलती करून बघितली, म्हंजे फिकी दिसावी म्हणून." त्यानं नळी खाली केली. "आदल्या दुपारी निवळलेलं पाणी छावणीच्या हाळात मी सोडलंतं. चांगलं काम केलं म्हणून मनात नाचत होतो. ते झाकून ठिवायचं होतं मला. म्हणून दुसऱ्या दिवशी कच्चं पाणी घेतलं. हौद साठ घरांचा. पिल्लं साठ घरांची. आन् पुण्य तेवढं माझ्या एकट्याचं पाहिजे होतं मला. पारूबाई हफ्ताभर माझ्यापुढं रडली आन् मी चहा सांगायला गेलो."

मागून एक म्हातारा म्हणाला, "मंग आबासाहेबांची शाल?"

दोघंतिघं हसले. आबासाहेब खाकरले. "पाणी कुणी सोडलं ह्यापेक्षा जनावरं वाचली, हे महत्त्वाचं. मी काय सोडलं असं कधी म्हणलो न्हाई. लोकांनी घातली, मी घेतली."

सभेनं हरिबाकडून हौदाची चावी काढून घेतली. ती कुणाला द्यायची यावर बराच वेळ कुजबुज चालली. शेवटी त्याच म्हाताऱ्यानं विचारलं, "एक जास्तीचा चमचाबी कुणी मोजला होता? जिनं मोजला तिला द्या." हरिबानं टाक्या घासायच्या, पाणी वाहायचं, आणि पाण्याबद्दल काहीही ठरवायचं नाही, असं झालं. त्यानं मान डोलावली. त्याला आणखी काही तरी होईल असं वाटलं होतं. झालं असतं तर बरं वाटलं असतं.

सभा पांगताना चारपाचजण त्याच्या पाया पडायला आले. मुक्या जनावरांचा वाली म्हणाले. हरिबा पाय मागं घेत घेत लिंबाच्या बुंध्याला जाऊन टेकला.

पारूबाई दुपारी हौदाजवळ भेटली. चावी तिच्या मुठीत होती. कमरेला अजून लावली नव्हती.

"पारूबाई, माझं चुकलं," हरिबा म्हणाला.

"पाणी सोडलं त्याचं मला वाईट न्हाई वाटलं दादा. माझीच गाय होती तिथं." ती चावीकडं बघत होती. "मला बलावलं असतं, तर मीच चावी फिरवली असती. दुसऱ्या दिवशी पाणी बदललं नसतं, बस. चारा निम्मा टाकला असता. दोन दिवस पिल्लांनी जुन्या पाण्यात काढले असते. शिकवलंतं की आपल्याला. गाय बी जगली असती आन् पिल्लं बी."

हरिबाला हे सुचलंच नव्हतं. इतक्या दिवसांत, इतक्या रडण्यात, एकदाही सुचलं नव्हतं. त्याला वाटत होतं की एकाला जगवायचं तर दुसऱ्याला मरावंच लागतं, आख्यानात असतं तसं. एका माणसाला हाक मारली असती, तर कुणीच मेलं नसतं.

"आन् आठ दिवस," पारूबाई म्हणाली, "मी घरी चमचा हातात घिऊन बसत होते. ही चूक हाय का, ही चूक हाय का, करत. ते मातर मला तुमी परत देऊ शकत न्हाई." ती आत गेली. माफ केलं असं म्हणाली नाही. त्यानंही माफी मागितली नाही.

आखाडात राधाकिशन महाराज गावावरून जाताना मुद्दाम शेडवर थांबले. त्यांच्यापर्यंत गोष्ट पोचली होती. हरिबानं वाकून नमस्कार केला, पाय धुवायला पाणी दिलं.

"हरिबा, तुझा दृष्टांत मी पुढच्या सप्ताहात सांगणार हाय," महाराज म्हणाले. "छावणीतली तहानेली गाय आन् भोयाचा हौद. लोक रडतील."

"सांगायचाच असंल तर पुरा सांगा महाराज. पिवळ्या पाण्यापर्यंत. चहापर्यंत."

महाराज विचारात पडले. सज्जन माणूस, खोटं बोलणारा नव्हता. "तिथपर्यंत नेलं तर ती गोष्ट टाळ्यांची राहत न्हाई रे."

"न राहू द्या. मी तुमची ती म्हातारी ऐकून गेलो आन् दुसऱ्याची घागर ओतली. माझ्यासारखा आणखी एखादा बसला असंल तुमच्यापुढं."

महाराजांनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि टाक्या बघायला आत गेले.

पोळ्याच्या सुमारास किनाऱ्यावरून नवं खारं पाणी आलं, अंडी धरलेल्या नव्या माद्या आल्या. भाद्रपदात टाक्यांत पुन्हा धुरळ्यासारखी पिल्लं दिसायला लागली. शेपूट वर, डोकं खाली. हरिबा सकाळी टाकीपुढं उभा राहायचा, पण वाकायचा नाही. टाळ त्यानं सोडला नव्हता. कीर्तनाला जायचा, मागच्या ओळीत बसायचा, आणि आख्यान लागलं की आता रडण्याआधी त्याला ती नळी दिसायची.

एका सकाळी पारूबाईनं हौदातून पाणी घेतलं, थेंब टाकले आणि नळी त्याच्यापुढं धरली.

"दादा, बघा. काय दिसतं?"

"ते तुमी बघायचं. माझं काम न्हाई ते."

"बघा म्हणते ना."

त्यानं नळी घेतली. उजेडाकडं धरली. दुसऱ्या हातानं मनगट धरलं. नळी अगदी सरळ ठेवली.

"पिवळं हाय," तो म्हणाला.

"किती?"

"थोडं."

"थोडं म्हंजे?"

हरिबानं नळी खाली केली. "थोडं म्हंजे न्हाई सोडायचं."

"मंग चला," पारूबाई म्हणाली, "आज चारा निम्मा करू." आणि तिनं चाळणी त्याच्या हातात दिली.